हवेचा पहिला वाटा

जामसरात देवाच्या आधी कुणी काही खात नसे, आणि देवाला द्यायचं ते पोश्याच्या हातून. म्हणून पोश्या मोठा माणूस होता असं नव्हे. त्याच्या घराला तीन बाजूंनी कूड होतं आणि चौथ्या बाजूला होणार होतं. पण पहिला वाटा देण्याचा हात त्याच्या घराण्यात होता. बापाचा होता, त्याच्या बापाचा होता, आणि त्याच्याही पलीकडे कुणाचा होता ते विचारायची जामसरात पद्धत नव्हती.

पावसाळ्यात डोंगरावर कवळीची भाजी उगवली की पहिली मूठ पोश्याची. वेलावरची पहिली काकडी त्याची. हळवं भात पिकलं की पहिल्या लोंब्या त्याच्या, आणि भट्टीवर मोहाची दारू उतरायला लागली की पहिली धारही त्याची. तो ते पळसाच्या पानावर ठेवायचा. हिरव्याचं नाव घ्यायचा, हिमायचं घ्यायचा, नारनदेवाचं, वाघोबाचं, आणि सगळ्यांच्या शेवटी कणसरीचं, जी धान्याची आई. मग उभा राहून मोठ्याने म्हणायचा, "मी दिलं." समोरची माणसं म्हणायची, "मिळालं." मग जेवायला बसायचं.

"मी दिलं" हे शब्द खोटे बोलायची सोय नव्हती. खोटे बोलले तर काय होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं, कारण आजवर कुणी बोललं नव्हतं. आणि वाटा ज्याचा त्याचाच लागे. काकडीचा वाटा काकडीचा, भाताचा भाताचा. काकडीच्या बदली नारळ दिला तर देव घेईल, पण काकडी राहिलीच.

पोश्याची दुसरी ओळख म्हणजे तो हळू होता. जामसरहून जव्हारला निघालेली बैलगाडी आणि पोश्या एकाच वेळी निघाले, तर गाडीवान त्याला परतताना भेटायचा. बायको तानी म्हणायची, "ह्याला साप चावला तर विष चढेपर्यंत म्हातारा होईल." पोश्याला त्यात नावं ठेवण्यासारखं काही वाटत नसे. घाईने दिलेला वाटा सांडतो, हे त्याला बापाने शिकवलं होतं, आणि शिकवायलाही बापाने पुष्कळ वेळ घेतला होता.

ह्या हळूपणापायीच त्याला जव्हारात काम मिळालं.

ते साल विलायतेतल्या लढाईचं. जव्हारात लढाई दिसत नव्हती, बाजारात आगपेट्या तेवढ्या मिळेनाशा झाल्या होत्या. त्या सालात मुंबईहून पोतनीस मास्तर आले. मुंबईच्या एका कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. छाती नाजूक. डॉक्टरांनी सांगितलं, डोंगरावर जा आणि काही करू नका. मास्तरांनी पहिली गोष्ट ऐकली. त्यांचे मामा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. मामांच्या शब्दाने भाताचं एक रिकामं कोठार मास्तरांना मिळालं, आणि तिथे त्यांनी गाड्यांमधून, पेंढ्यात गुंडाळून, काचा आणल्या. नळ्या, फुगे, तोट्या. एक मोठं लोहचुंबक. बॅटऱ्यांची रांग. फोटोच्या काचा, काळ्या कागदात. जव्हारच्या लोकांनी ठरवलं की मास्तर अत्तर काढणार.

मास्तरांना त्या नळीतली हवा काढायची होती. त्यासाठी पंप होता. काचेची दोन भांडी रबराच्या नळीने जोडलेली, एकात पारा. पाऱ्याचं भांडं वर उचलायचं, खाली आणायचं. दर खेपेला नळीतली घोटभर हवा बाहेर पडे. सकाळी सुरू केलं की दिवस कलेपर्यंत तेच. पण भांडं झपकन उचललं तर पारा वरच्या काचेवर घणासारखा आदळे, आणि काच संपली. पहिला गडी माघ्या, मोठा दणकट. त्याने आल्या आल्या पंप फोडला. दुसरा सोम्या दुपारपर्यंत टिकला. मास्तर डोकं धरून बसले तेव्हा सोम्याच जाता जाता म्हणाला, "हळू मानूस पायजे ना? जामसरात एक हाय. पन त्याला बोलवायला आजच मानूस धाडा, म्हंजे तो येल पुढल्या बाजाराला."

पोश्या आला. पाऱ्याचं भांडं त्याने दोन्ही हातांत घेतलं, जडपणा नीट समजून घेतला, आणि उचलायला लागला. मास्तर घड्याळ काढून बघत राहिले. मग घड्याळ खिशात ठेवून ते खुर्चीवर टेकले. जव्हारात आल्यापासून ते प्रथमच निवांत बसले होते.

तानी दुपारी नागलीची भाकरी घेऊन यायची, जामसरहून चालत. एकदा तिने मास्तरांना विचारलं की एवढी हवा काढून तुम्ही करता काय. मास्तरांना कुणी काही विचारलं की बरं वाटे. ते म्हणाले, "नळीत अगदी थोडा वायू ठेवायचा. त्यावर विजेचा मारा करायचा. मग वायूचे बारीक बारीक कण विजेने भारले जातात आणि तीरासारखे सुटतात. वाटेत लोहचुंबक त्यांना बाजूला ओढतं. हलका कण जास्त वळतो, जड कमी. शेवटी ही फोटोची काच. एका वजनाचे सगळे कण एका रेघेवर पडतात. रेघ कुठे पडली यावरून वजन कळतं."

तानी म्हणाली, "म्हंजे पाखडताय."

"हो," मास्तर खूश झाले, "पाखडणंच. चुंबक म्हणजे वारा."

"मग निघतं किती?"

"निघत काही नाही. रेघ उमटते."

तानीने कोठाराकडे पाहिलं, बॅटऱ्यांच्या रांगेकडे पाहिलं, नवऱ्याच्या खांद्यांकडे पाहिलं. "एवढं पाखडून रेघ," ती म्हणाली, आणि रिकामी टोपली उचलून निघाली.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. पण जामसरात पोश्याचा एक चुलतभाऊ होता, बारक्या. बारक्या चपळ होता, आणि चपळ माणसाला वाट बघवत नाही. वाटा देण्याचा हात आपला असता तर जामसरात दर सणाला लवकर जेवायला मिळालं असतं, असं तो उघड म्हणायचा. भात फुटव्यावर आलं तेव्हा त्याने गावच्या बैठकीत विषय काढला.

"दादा, एक इचारू? तुज्या त्या कोठारात रोज नवं काय काय उघडतात म्हनं. नवी काच, नवा पारा, नवी पेटी. खरं का?"

"खरं."

"त्याचा पयला वाटा कोन देतं?"

पोश्या गप्प राहिला. त्याचं गप्प राहणं आणि त्याचं बोलायला सुरुवात करणं यातला फरक ओळखायला वेळ लागे, म्हणून लोक थांबले. पण तो खरंच गप्प होता.

"कोनी देत नाय," बारक्या म्हणाला. "आनि त्यात हात तुजा. म्हंजे नव्याला आधी हात लावतोस तू, देवाच्या आधी. मंग तो हात उष्टा झाला का नाय? आनि त्या उष्ट्या हातानं तू आमचं नवं भात देवाला देनार!"

बैठकीत धोंडीबाई होती. धोंडीबाई गावात सगळ्यात जुनी, आणि रीतीचं कोडं पडलं की शेवटचा शब्द तिचा. तिला बारक्या आवडत नसे, पण बोलला ते तिला कापता येईना. ती म्हणाली, "पोश्या, काचेचं सोड. काच आपन खात नाय, पीत नाय. पन त्या कोठारात काई खायचं, प्यायचं, नाकात घ्यायचं नवं आलं, तर त्याचा वाटा दे. नव्याच्या दिशी आमी इचारू. दिलास तर हात तुजा. नाय दिलास तर बारक्याचा."

"हात धुवून ठेवतो," बारक्या म्हणाला.

पोश्याच्या मनात तेव्हा काही फार नव्हतं. कोठारात खायचं-प्यायचं काही येत नव्हतं. मास्तर जेवायला मामांकडे जायचे.

आणि मग तो फुगा आला.

नाशकावरून मोखाड्याच्या घाटाने गाडीत आला, पेटीत पेटी, तिच्यात पेंढा, पेंढ्यात कापूस, कापसात लिंबाएवढा काचेचा फुगा. दोन बाजूंना दोन तोट्या. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी बाहेर काढला. आत काही दिसत नव्हतं.

"यात निऑन आहे," मास्तर म्हणाले. "आपण श्वासात घेतो त्या हवेत हाही असतो, पण अगदी कणभर. तिकडे विलायतेत एका प्राध्यापकांनी याला असंच पाखडलं, तर रेघ एक पडायची ती दोन पडल्या. एक ठळक, शेजारी एक बारीक. निऑन तोच. वागायला सारखा, दिसायला सारखा, फक्त वजन वेगळं. लोकांना पटत नाही. म्हणतात भेसळ असेल. मला ती बारीक रेघ माझ्या डोळ्यांनी बघायची आहे, पोश्या. आणि लढाईमुळे दुसरा फुगा यायचा नाही. हा एवढाच."

पोश्याने मधलं सगळं सोडून दिलं होतं. त्याच्या कानात एकच गोष्ट अडकली होती.

"श्वासात घेतो?" त्याने विचारलं.

"घेतो. सगळेच घेतात."

म्हणजे नाकात घ्यायचं. म्हणजे धोंडीबाईच्या शब्दात हे बसत होतं.

फुगा नळीला जोडून झाला. एक तोटी नळीकडे, एक बाहेरच्या बाजूला, बंद. पोश्याने सकाळभर शब्द जमवले आणि मग म्हणाला, "मास्तर, ह्याचा वाटा द्यायचा ऱ्हायलाय."

"दे की. नारळ आणवतो."

"नारळाचा नाय. ह्याचा."

"ह्याचा? ह्या फुग्यातला?"

"जरासा. भाताचं आमी एक पान देतो. कोठार देत नाय."

मास्तर हसले, मग त्यांना दिसलं की पोश्या हसत नाही. "पोश्या, इतर काहीही माग. माझ्या ताटातलं दे देवाला. पण ह्या तोटीला हात लावायचा नाही. आतलं सुईच्या टोकाएवढंही बाहेर जाता कामा नये. कळलं?"

"कळलं," पोश्या म्हणाला. त्याला कळलं होतंच. न कळण्यातलं त्यात काही नव्हतं.

त्यानंतर तो पारा उचलत राहिला आणि मनात दोन्ही बाजू तोलत राहिला. एकीकडे मास्तर, ज्यांनी त्याला कधी आवाज चढवून हाक मारली नव्हती आणि हळूपणाबद्दल एकदाही टोचलं नव्हतं. जव्हार-मोखाड्यात असा दुसरा माणूस नव्हता. दुसरीकडे बापाचा हात. मास्तर नाही म्हणाले होते, पण मास्तरांचं नाही मास्तरांपुरतं. देवांना कुणी विचारलं नव्हतं. आणि नव्याचा दिवस जवळ आला होता. खाचरांत हळवं भात पिवळं पडायला लागलं होतं.

एका दुपारी मास्तरांना खोकला फार झाला. ते कोपऱ्यातल्या बाजेवर आडवे झाले आणि त्यांना झोप लागली. पोश्याने पाऱ्याचं भांडं कडीला अडकवलं. हात धुतले. पळसाचं पान तोटीखाली धरलं, कारण रिकाम्या जागी वाटा देत नाहीत. हिरव्याचं नाव घेतलं, हिमायचं, नारनदेवाचं, वाघोबाचं, कणसरीचं. मग बाहेरची तोटी केसभर फिरवली.

स्स्, असा आवाज झाला. वाळक्या गवतातून लांबून काही गेल्यासारखा.

त्याने तोटी बंद केली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मी दिलं." "मिळालं" म्हणायला तिथे कुणी नव्हतं. मास्तर झोपेत खोकले, पण पोश्याने ते धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी निऑन नळीत सोडला, वीज चालू केली, आणि नळी आतून पळसफुलासारखी पेटली. पोश्याने तो रंग बघितला आणि त्याला वाटलं, देव खूश आहेत. मास्तरांनी कोठाराची दारं लावली, लाल दिव्यापुढे काच औषधाच्या पाण्यात हलवली आणि ओरडले, "आली! दोन्ही आल्या!" मग काच पुन्हा दिव्यापुढे धरून एकेक रेघ मोजायला लागले.

काचेवर धनुष्यासारख्या वाकलेल्या रेघा होत्या. एक ठळक, तिच्या शेजारी एक बारीक. पण त्यांच्या जोडीला आणखी चार, चांगल्या स्पष्ट. आणि एक पाचवी, पुसट, लाजल्यासारखी.

"ही हवा आहे," मास्तर म्हणाले. "बाहेरची हवा आत आली आहे. आता ही बारीक रेघ निऑनची, की हवेतल्या कशाची? कसं सांगू मी? भेसळ. लोक म्हणतात तेच मीही केलं."

मग मास्तर सांधे तपासायला लागले. जिथे काच काचेला जोडली होती तिथे मेण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. दिवस गेले. जेवायला मामांकडे जायचं ते राहिलं. एका संध्याकाळी ते मेणाने माखलेले हात मांडीवर ठेवून म्हणाले, "दोष माझाच. सांधे मीच जोडले. मला जमत नाही हे."

पोश्याने पाऱ्याचं भांडं सावकाश खाली आणलं.

"सांधे चांगले हायती, मास्तर."

"मग हवा आली कुठून?"

"मी वाटा दिला."

मास्तरांची छाती ओरडण्यासारखी नव्हती, म्हणून ते पेटीवर बसले. तिथून म्हणाले, "तोटी उघडलीस?"

"केसभर."

"अरे वेड्या," मास्तर म्हणाले, आणि त्या आवाजात रागापेक्षा दमणूक होती. "फुग्यात वायू किती होता? नसल्यासारखाच. आत जवळजवळ पोकळी. अशी तोटी उघडली की आतलं बाहेर जात नाही, बाहेरची हवा आत घुसते. तो आवाज तिचा. तू कुणाला काही दिलं नाहीस. बाहेर काही गेलंच नाही."

पोश्याने हे शब्द एकेक करून आत घेतले.

"म्हंजे वाटा पोचला नाय?"

"तुला वाट्याचं पडलंय!"

"मला त्याचंच पडलंय, मास्तर."

"घरी जा, पोश्या," मास्तर म्हणाले. पोश्या घरी गेला. त्या दिवशी तो नेहमीपेक्षाही हळू चालला.

तानीने सगळं ऐकलं. ती म्हणाली, "सांग दिलं म्हनून. हवा कुनाला दिसते?"

"कुनालाच नाय."

"मंग?"

"मंग कसं सांगू?" पोश्या म्हणाला. तानीने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. पोश्याशी वाद घालायला फार वेळ लागतो, आणि शेवटी माणूस तिथेच येतो जिथे तो बसलेला असतो, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

नव्याचा दिवस उजाडला. गावदेवीपुढे ऐनाच्या झाडाखाली सगळं जामसर जमलं. नव्या भाताच्या लोंब्या होत्या, नवी काकडी होती, नव्या तांदळाचा भात मडक्यात शिजला होता. बारक्या पुढच्याच रांगेत होता आणि त्याचे हात ओले होते.

धोंडीबाईने विचारलं, "पोश्या, कोठारात नवं आलं?"

"आलं."

"वाटा दिलास?"

तिथे पोश्याने सगळं सांगितलं. फुग्यापासून सांगितलं. पेंढ्यातली पेटी, कापसातला फुगा, पळसाचं पान, तोटी, आवाज. मधे एकदा तो थांबला तेव्हा लोकांना वाटलं संपलं, पण त्याला काकडीवरची माशी हाकायची होती. शेवटी म्हणाला, "मास्तर म्हनाले, भायेर काई गेलं नाय. त्यांना जास्त कळतं. म्हंजे मी दिलं असं मला म्हनता येत नाय." भाताची वाफ केव्हाच थांबली होती.

बारक्या उठला. "झालं तर. हात माजा."

"बस खाली," धोंडीबाई म्हणाली. "कोन येतंय बघ."

बांधावरून मास्तर येत होते. डोक्याला रुमाल, हातात कापडात बांधलेलं काहीतरी, आणि दर थोड्या अंतरावर थांबून खोकत. झाडाखाली आल्यावर त्यांनी आधी पाणी मागितलं. पाणी पिऊन त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पोश्या दिसला तसे थेट त्याच्यापाशी गेले.

"पोश्या, मी दुसरी काच काढली. नुसत्या हवेची. नळीत दुसरं काही नाही, फक्त ही आपली हवा. पारा मीच उचलला. खांदे गेले माझे. हे बघ." त्यांनी कापड सोडलं. दोन काचा होत्या. "ह्या हवेच्या काचेवर त्या चार रेघा आहेत. ती पुसटशी पाचवीही आहे. जिथल्या तिथे. पण ती बारीक रेघ नाही; हवेतला निऑन कणभर, तो काचेवर उमटतच नाही. बघ, जागा मोकळी आहे. म्हणजे ती हवेची नव्हेच. निऑनचीच आहे!" मग जरा ओशाळून म्हणाले, "मामांना दाखवली. ते छान म्हणाले, आणि विचारलं कोठार कधी रिकामं करतोस. म्हटलं, तुला दाखवावी."

पोश्याने दोन्ही काचा उजेडाकडे धरून पाहिल्या. "दिसती," तो म्हणाला. त्याला बरं वाटलं, पण त्याचा आजचा प्रश्न तो नव्हता.

धोंडीबाईचा होता. ती म्हणाली, "मास्तर, बसा. तुमी इथं साक्षीला पायजे होता, आनि देवानं धाडलं. आमचा पोश्या तोटी उघडून बसला. वाटा गेला का नाय, तेवढं सांगा. खरं सांगा, इथं खोटं चालत नाय."

मास्तरांना काय चाललंय ते वाट दाखवायला सोबत आलेल्या सोम्याने कानात सांगितलं. त्यांनी पोश्याकडे पाहिलं. बारक्याच्या ओल्या हातांकडे पाहिलं. एक शब्द खोटा बोलले असते तर काम झालं असतं, आणि तो शब्द त्यांच्या जिभेवर आलेला पोश्याला दिसला. पोश्याने मान हलवली, नको म्हणून.

"बाहेर काही गेलं नाही," मास्तर म्हणाले. "हवा आत आली."

"बघा," बारक्या म्हणाला.

"तू गप," धोंडीबाई म्हणाली. "मास्तर, पोश्यानं पान धरलं, देवांची नावं घेतली, तवा तोटी उघडली. मंग आत आलं?"

"लगेच."

"आवाज करून?"

"हो. स्स् असा."

"आनि आत जे आलं ते तुमच्या काचेवर दिसतं?"

"स्पष्ट दिसतं."

"किती हायती?"

"चार," मास्तर म्हणाले. "आणि एक पुसट."

लोक बोटांवर मोजत होते. हिरवा, हिमाय, नारनदेव, वाघोबा.

"आनि पुसट ती कणसरी," धोंडीबाई म्हणाली. "ती कदी समोर येत नाय, कोपऱ्यात बसते. पोश्यानं नावं घेतली तेवढे आले. देव वाट्याची वाट बघत भायेर थांबले नाय, आत जाऊन जेवले. घरात येऊन जेवलेला पावना काय उपाशी म्हनायचा?"

मास्तरांनी तोंड उघडलं. हवेत काय काय असतं, कुठली रेघ कशाची, हे सगळं त्यांच्या ओठांशी आलं असावं. मग त्यांनी तोंड मिटलं. विचारलं होतं त्याचं उत्तर त्यांनी दिलं होतं, आणि ते खरं होतं.

बारक्या काच हातात घेऊन बघत होता. त्याने मोजल्या, पुन्हा मोजल्या. "ह्या दोन कोन? ही जाडी आनि ही बारीक?"

"ते विलायतेचे पाहुणे," मास्तर म्हणाले. "त्यांच्यासाठीच सगळा खटाटोप होता."

"आमी देवाला बोलवायला ढोल बडवून हात सुजवतो," बारक्या म्हणाला. "ह्याला नुसती तोटी." त्याने काच परत दिली आणि ओले हात लंगोटीला पुसले.

पोश्या उभा राहिला. लोंब्या पानावर ठेवल्या, काकडी ठेवली, गार झालेला भात ठेवला. पाच नावं घेतली, प्रत्येक नाव पूर्ण. "मी दिलं," तो म्हणाला. सगळे म्हणाले, "मिळालं." मास्तरही म्हणाले, जरा मागून. मग त्यांना पान वाढलं आणि ते दोनदा भात मागून जेवले. डॉक्टरांनी ऐकलं असतं तर त्यांना आनंद झाला असता.

दोन दिवसांनी पोश्या कोठारात परतला. तेव्हापासून मास्तरांनी एक नवीन पद्धत घातली. कुठलाही वायू नळीत सोडायच्या आधी ते पहिली काच नुसत्या हवेची काढत. ती समोर ठेवून मग पुढची. ह्याला ते पडताळा म्हणत. हवेच्या रेघा कुठे पडतात ते माहीत असलं की त्यांच्यावरून बाकीच्यांचं माप घेता येतं, असं ते समजावून सांगत. पोश्याने ऐकून घेतलं आणि पारा उचलला. गावात त्याने सांगितलं तेव्हा धोंडीबाई म्हणाली, "मुंबईचा मानूस त्याला नाव कायबी देऊ दे. पयला वाटा द्यायला शिकला."

पुढच्या उन्हाळ्यात मास्तर बऱ्यापैकी बरे होऊन मुंबईला गेले. ती बारीक रेघ पाहिल्याचं तिकडे त्यांनी कुणाकुणाला सांगितलं, कुणी ऐकलं कुणी नाही. जाताना चांगल्या काचा ते घेऊन गेले आणि ती भेसळीची काच पोश्याला दिली. पोश्याने घराचं चौथं कूड अखेर घातलं. त्याला किती काळ लागला ते विचारू नये. कुडात मधोमध चौकोन ठेवून त्याने ती काच बसवली. सकाळी ऊन आलं की शेणाने सारवलेल्या जमिनीवर रेघा उमटायच्या, चार आणि एक पुसट, शेजारी दोन पाहुणे.

नव्याच्या दिवशी लोक देव बघायला यायचे. बारक्याही यायचा. पाहुणे सोडून तो दर वेळी सहा देव मोजायचा. सहावा म्हणजे कोरी काच गाडीतून येताना घाटात पडलेला ओरखडा होता, पण ते त्याला कुणी सांगितलं नाही.